बर्फांतील पांखरें

बर्फ म्हटलें कीं महाराष्ट्रांतील माणसाच्या डोळ्यांपुढें उसाच्या रसांत टाकलेला खडा उभा राहतो, नाहीं तर मासळीबाजारांतील भुशांत गुंडाळलेली लादी. आकाशांतून पडणारें बर्फ ही सह्याद्रीच्या रहिवाशाच्या अनुभवाबाहेरची वस्तु आहे. म्हणूनच हिवाळ्यांत हिमालयांत जाऊन आलेला मनुष्य घरीं परतल्यावर जें वर्णन करतो, तें बहुतेक स्वतःच्या थंडीचें असतें. बोटें कशीं बधिर झालीं, बाटलींतील पाणी कसें गोठलें, इतके कपडे अंगावर असूनहि दांत कसे वाजत होते, हें तो रंगवून सांगतो. तेथें पांखरें होतीं काय, असें कोणीं विचारल्यास मात्र तो क्षणभर थांबतो. एवढ्या थंडींत पांखरें कशाला राहतील, असें त्याच्या मनांत येतें; आणि दोन-चार कावळे दिसले होते खरे, असें सांगून तो विषय बदलतो.

वस्तुस्थिति याच्या उलट आहे. पश्चिम हिमालयांत बर्फ पडून गेल्यानंतरचा स्वच्छ दिवस पांखरें पाहण्यास जितका चांगला, तितका चांगला दिवस वर्षांतून क्वचितच मिळतो. पांढऱ्या भूमीवर हालचाल लपत नाहीं. झुडपें बर्फाखालीं दबलेलीं असतात. जेथें ऊन पडतें आणि जमीन थोडी उघडी होते, तेथें पांखरें आपण होऊन जमतात. परंतु हें सुख घेण्यापूर्वीं एक गोष्ट समजून घ्यावी लागते. त्या दिवशीं प्रत्येक पांखरूं आपल्या जिवाचा जमाखर्च मांडीत असतें, आणि पाहणाऱ्याचें एखादें बेसावध पाऊल त्या हिशेबांत खर्चाच्या बाजूस पडतें.

उदाहरणादाखल उत्तराखंडांतील चोपता ते तुंगनाथ ही वाट घ्यावी. उखीमठाहून गोपेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावर चोपता हें सुमारें २७०० मीटर उंचीवरचें लहानसें ठिकाण आहे. तेथून साडेतीन किलोमीटर चढून गेल्यावर, सुमारें ३६८० मीटर उंचीवर, पंचकेदारांपैकीं सर्वांत उंच असें तुंगनाथाचें देऊळ लागतें. हिवाळ्यांत देवळाचीं दारें बंद असतात आणि उत्सवमूर्ति खालीं मक्कूमठास नेलेली असते. म्हणजे प्रत्यक्ष देवहि थंडींत खालच्या गांवीं मुक्काम हलवितो. हा मुलूख १९७२ सालीं स्थापन झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे. येथें हिवाळी बर्फ आणणारे ढग आपल्या मोसमी पावसाचे नव्हेत. भूमध्य समुद्राच्या बाजूनें येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांबरोबर ते येतात. असा विक्षोभ पुढें निघून गेला कीं पुष्कळदां आकाश निरभ्र होतें. तोच दिवस निवडावा. बर्फ फार पडल्यास मोटाररस्ता दुगलबिट्ट्यापाशींच बंद होतो आणि मग चाल वाढते, हेंहि ध्यानांत ठेवलेलें बरें.

सकाळीं चोपत्याहून निघालेल्या प्रवाशास पहिल्यानें जाणवते ती शांतता. ही शांतता केवळ निर्जनपणाची नाहीं. ताज्या, भुसभुशीत बर्फांत दहा भागांतील नऊ भागांपर्यंत नुसती हवा असूं शकते. स्फटिकांच्या जाळींत अडकलेल्या त्या हवेंत आवाजाच्या लाटा शिरतात आणि तेथेंच जिरतात. गाद्या-गिरद्यांनीं भरलेल्या खोलींत बोलणें जसें बसकें ऐकूं येतें, तसाच हा प्रकार. या अडकलेल्या हवेची गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी, कारण हलूं न शकणारी हवा जशी आवाज अडविते तशीच उष्णताहि अडविते, आणि पुढें बर्फ, पिसें व लोंकर या तिहींचा उलगडा याच एका गोष्टीवरून होणार आहे.

वाट प्रथम जंगलांतून जाते. खरसू नांवाचा ओक, उंच सूचिपर्णी फर आणि वसंतांत लाल फुलांनीं भरणारा बुरांस, हीं येथलीं मुख्य झाडें. पहिला अर्धा तास कित्येकदां एकहि पांखरूं दिसत नाहीं. नवखा प्रवासी येथेंच निराश होऊन सोबत्यांशीं गप्पा मारूं लागतो. जाणता असतो तो एखाद्या उन्हाच्या पट्ट्यांत उभा राहतो आणि वाट पाहतो. मग सुईच्या टोंकासारखा बारीक आवाज कानीं येतो, आणि पाहतां पाहतां समोरचें झाड जिवंत होतें. आपल्याकडे ज्या पक्ष्यास रामगंगा म्हणतात, त्याचे भाऊबंद फांदीफांदीवर उलटेसुलटे लोंबूं लागतात. एक काळ्या डोक्याचा व टोंकदार शेंडीचा, दुसरा मानेमागें तांबूस डाग असलेला. खोडावरून डोकें खालीं करून उतरते ती शिलींध्री. तिच्याच शेजारीं सालीच्या रंगाचें एक पांखरूं उंदरासारखें सरपटत, खोडाला वेढे घेत वर चढत असतें. शेंड्याजवळच्या कोंवळ्या डहाळ्यांवर इंग्रजींत ज्यास गोल्डक्रेस्ट म्हणतात तो इवलासा पक्षी भिरभिरतो. त्याच्या डोक्यावर सोन्याची एक रेघ ओढलेली असते. दहा मिनिटांत हा सारा मेळा पुढच्या झाडावर जातो आणि मागें पुन्हां तीच शांतता उरते.

निरनिराळ्या जातींनीं असें एकत्र कां फिरावें? अन्नासाठीं त्यांची फारशी भांडणें होत नाहींत, कारण कोणी खोडाच्या भेगा तपासतो, कोणी जाड फांद्या, कोणी डहाळ्यांचीं टोंकें. वाड्यांतील बिऱ्हाडांप्रमाणें प्रत्येकाचा मजला ठरलेला असतो. लाभ मात्र सर्वांचा एक आहे. एकटें पांखरूं खातांना निम्मा वेळ मान वर करून शिकरा येतो कीं काय हें पाहण्यांत घालविणार. पंचवीस पांखरें एकत्र असलीं म्हणजे पन्नास डोळे पहाऱ्यावर असतात आणि प्रत्येकाच्या चोंचीला खाण्यास अधिक वेळ मिळतो. हिवाळ्याच्या आंखूड दिवसांत या अधिक वेळाला किती मोल आहे, तें त्या गोल्डक्रेस्टवरून कळतें.

हा पक्षी पांच-सहा ग्रॅम वजनाचा असतो. जुन्या मापानें सांगावयाचें तर जेमतेम अर्धा तोळा. एवढ्याशा देहाच्या आंत चाळीस अंशांच्या आसपास उष्णता राखावयाची आणि बाहेर पारा शून्याखालीं! लहान शरीर मोठ्या शरीरापेक्षां लवकर निवतें, हें स्वयंपाकघरांत कोणालाहि पाहतां येईल. एकाच पातेल्यांत उकडलेले दोन बटाटे, एक मोठा व एक सुपारीएवढा, ताटांत काढून ठेवावे. मोठा हाताला चटके देत असतांना लहान थंडगार झालेला असतो, कारण त्याच्या आकाराच्या मानानें त्याचा पृष्ठभाग फार मोठा. गोल्डक्रेस्ट हा तो सुपारीएवढा बटाटा होय. फरक इतकाच कीं त्याला निवण्याची परवानगी नाहीं.

यावर त्याचा पहिला उपाय म्हणजे पिसें. बाहेरच्या पिसांखालीं मऊ लवेचा थर असतो आणि पांखरूं तीं सारीं पिसें उभारतें तेव्हां त्यांच्यामध्यें हवा कोंडली जाते. पाहणाऱ्यास वाटतें, थंडींतहि पांखरूं किती गुबगुबीत आहे! त्या गुबगुबीतपणांत मांस थोडें आणि हवाच फार असते. हवा कोरडी व स्थिर राहावी म्हणून पांखरें शेपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथींतील तेल चोंचीनें पिसांना लावतात. बर्फांत बसून अंग साफ करणारें पांखरूं नटण्यामुरडण्यांत वेळ घालवीत आहे असें कोणी समजूं नये. तें आपलें पांघरूण दुरुस्त करीत असतें.

पाय मात्र उघडेच असतात, आणि प्रवाशाच्या मनांत नेहमीं येणारा प्रश्न हाच कीं ते गोठत कसे नाहींत. पक्ष्याच्या पायांत रक्त खालीं नेणाऱ्या व वर आणणाऱ्या नळ्या एकमेकींस चिकटून असतात. खालीं जाणारें ऊन रक्त आपली ऊब वर येणाऱ्या थंड रक्तास वाटेंतच देऊन टाकतें. त्यामुळें पावलांपाशीं पोंचणारें रक्त आधींच गार असतें, आणि पोटांत परत येणारें रक्त आधींच कोंबट. पावलांत स्नायु जवळजवळ नसतातच. दोरीसारख्या शिरांवर तीं चालतात, आणि त्यांना गारवा बाधत नाहीं. पाऊल शून्याच्या किंचित् वर राहिलें म्हणजे पुरे. इतक्यानेंहि भागलें नाहीं तर पांखरूं एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतें.

एवढें करूनहि सरपण हें लागतेंच. थंडींत पांखरूं छातीचे स्नायु थरथरवून उष्णता उत्पन्न करतें, आणि तिचें सरपण म्हणजे अंगांतील चरबी. लहान पांखरें दिवसभर खाऊन जी चरबी जमवितात, ती एका रात्रींत जळून जाते. रामगंगेच्या कुळांतील लहान पक्षी सकाळीं वजनांत सुमारें एक-दशांशानें हलके झालेले असतात. साठ किलोच्या मनुष्यानें रात्रभर झोंपून सकाळीं चोपन्न किलो भरावें आणि संध्याकाळपर्यंत पुन्हां साठ व्हावें, आणि असें हिवाळाभर रोज चालावें, अशी कल्पना केली म्हणजे या जमाखर्चाची ओढाताण समजेल. शिल्लक अशी राहतच नाहीं. या कुळांतील कांहीं जाती रात्रीं शरीराची उष्णता कांहीं अंशांनीं उतरवून सरपण वांचवितात. कांहीं जाती शरदांत बिया सालीच्या फटींत कोंबून ठेवतात. गोल्डक्रेस्टच्या युरोपांतील भावंडांविषयीं असें पाहिलें गेलें आहे कीं कडक रात्रीं दोन-तीन पक्षी एकाच फांदीवर अंगाला अंग चिकटवून झोंपतात. सुपारीएवढे दोन-तीन बटाटे एकत्र बांधून एक मोठा बटाटा करावा, तशी ही युक्ति आहे.

जंगल विरळ होऊं लागलें कीं वाटेच्या कडेचें बर्फ वाचावयास मिळतें. वाचावयास म्हणण्याचें कारण, रात्रींच्या व पहाटेच्या हकीकती तेथें लिहिलेल्या असतात. दोन पावलें शेजारींशेजारीं जोडीनें उमटलेलीं दिसलीं तर तें टुणटुण उड्या मारणारें लहान पांखरूं. एकामागें एक अशीं एका रेषेंत पडलेलीं मोठीं तीन-बोटी पावलें म्हणजे कोंबड्याच्या कुळांतील चालणारा पक्षी. कोल्हा मागचा पाय बरोबर पुढच्याच्या ठशांत टाकतो, त्यामुळें त्याची ओळ दोऱ्यानें आंखल्यासारखी सरळ असते. क्वचित् एखादी पावलांची रांग मध्येंच संपते आणि दोन्ही बाजूंस पंखांचे पंखे उमटलेले दिसतात; तेथून पांखरूं उडालें. तें कां उडालें, याचें उत्तर कधीं कधीं शेजारींच असतें. कोल्ह्याचे ठसे असतात, किंवा माणसाच्या बुटांचे.

बर्फाखालीं काय चाललें आहे, तें मात्र वाचतां येत नाहीं. वर वारा अंग कापीत असतांना जाड थराखालची जमीन शून्याच्या जवळपासच राहते, कारण तीच अडकलेली हवा येथें जमिनीची गोधडी झालेली असते. सशाच्या कुळांतील, शेपूट नसलेला, मुठींत मावेल एवढा पिका नांवाचा प्राणी या उंचीवर खडकांच्या फटींत राहतो. तो हिवाळाभर झोंपत नाहीं. बर्फाचें छप्पर डोक्यावर घेऊन आपलें काम करीत असतो. अलीकडे ज्या हिवाळ्यांत पश्चिम हिमालयांत बर्फ उशिरां किंवा थोडें पडतें, त्या हिवाळ्यांत असे जीव अधिक सुखी होतात अशी समजूत करून घेणें चुकीचें ठरेल. पांघरूण ओढून घेतल्यावर थंडी वाढते, कमी होत नाहीं.

याच विरळ जंगलाच्या कडेला, उन्हाच्या उतारावर, मोनाल दिसण्याचा संभव असतो. उत्तराखंडाचा राज्यपक्षी व नेपाळचा राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचें नांव पुष्कळांना ठाऊक असतें, परंतु चित्रांतील मोनाल आणि बर्फावरचा मोनाल यांत अंतर आहे. नर सांवलींत उभा असला तर प्रथम काळसर कोंबड्यासारखा वाटतो. तो दोन पावलें उन्हांत येतो आणि हिरवा, निळा, जांभळा, तांबडा-सोनेरी असे रंग त्याच्या अंगावरून तेल पाण्यावर पसरावें तसे पसरतात. हे रंग बव्हंशीं रंगद्रव्याचे नसतात. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततांना ते उमटतात. म्हणून ऊन हललें कीं तेहि हलतात. डोक्यावर तारांना मणी लावल्यासारखा तुरा असतो. मादी तपकिरी, गळ्याशीं पांढरी, आणि प्रथमदर्शनीं कोणाचेंहि लक्ष वेधून न घेणारी. परंतु दोघांचीहि चोंच पाहण्यासारखी असते. वरचा भाग लांब, वांकडा व खालच्यावर आलेला, म्हणजे खरोखरीचें कुदळच. त्या कुदळानें मोनाल बर्फ व माती उकरून कंद, मुळें व अळ्या काढतो. पायांनीं उकरणारी आपली कोंबडी जें पांच मिनिटांत सोडून देईल, तें काम हा पक्षी तासन् तास नेटानें करतो.

मोनालाचें शास्त्रीय नांव कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एलाइजा इंपे यांच्या पत्नी मेरी इंपे यांच्यावरून पडलें आहे. या बाईंनीं अठराव्या शतकांत कलकत्त्यास पशुपक्षी पाळले आणि शेख झैनुद्दीन, भवानीदास व रामदास या चित्रकारांकडून त्यांचीं चित्रें काढवून घेतलीं. १७९० सालीं लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें पक्ष्यास त्यांचें नांव दिलें. चित्रकार तिघे हिंदी होते आणि नांव मात्र बाईंचें राहिलें. त्या काळीं तसें होत असे. पुढें मोनालाच्या तुऱ्यानें त्याचाच घात केला, कारण हिमाचलांत पुरुषांच्या टोप्यांवर तो खोंवण्याची हौस होती. तेथें १९८२ सालीं शिकारीस बंदी झाली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्यास संपूर्ण भारतांत पहिल्या अनुसूचीचें संरक्षण आहे.

बंदुकीचा धोका असा पुष्कळ कमी झाला. आतां निराळाच धोका उभा राहिला आहे, आणि दुःखाची गोष्ट ही कीं तो पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्यांकडूनच येतो. छायाचित्र काढण्याच्या नादांत प्रवासी उतारावर पुढें पुढें सरकतो. मोनाल उकरणें थांबवून मान वर करतो. प्रवासी आणखी दहा पावलें जातो. पक्षी तीक्ष्ण शीळ घालून उडतो आणि पांढरी पाठ दाखवीत दरीच्या बाजूस खालीं निघून जातो. छायाचित्र मिळतें आणि मंडळी आनंदानें ओरडतात. तिकडे हिशेब कसा होतो पहा. पंख मारून उडण्यास स्वस्थ बसण्याच्या आठ-दहा पट शक्ति लागते. दोन-सवादोन किलोचा हा पक्षी खालीं तरंगत जातो खरा, परंतु उकरून तयार केलेली जागा वरच राहते, आणि तेथें परतावयाचें तर बर्फांतून पायीं चढावें लागतें. तोंवर ऊन सरकलेलें असतें. सकाळपासून तिसरी मंडळी त्याच वाटेनें येत असेल, तर हाच प्रकार तिसऱ्यांदा होतो. या एका दिवसानें मोनाल मरेल असें नाहीं. मोठा पक्षी आहे, त्याच्या अंगांत शिल्लक असते. लहान पांखरांच्या अंगांत ती नसते. तरीहि खिशांतील फोनवर पांखराची ध्वनिमुद्रित शीळ वाजवून त्याला जवळ बोलाविण्याची रीत कांहीं हौशी लोकांत पडली आहे. आपल्या हद्दींत कोणी परका शिरला अशा समजुतीनें तें पांखरूं खाणें सोडून धांवत येतें आणि नसलेल्या शत्रूस शोधीत फांद्या पालथ्या घालतें. अर्ध्या तोळ्याच्या जिवाशीं केलेली ही फसवणूक आहे, आणि तिला दुसरें सौम्य नांव देण्याचें कारण दिसत नाहीं.

याला उपाय सोपा आहे, आणि गंमत अशी कीं अधिक आनंदहि त्यांतच आहे. मोनाल दिसतांच थांबावें, शक्य तर बसावें, व दुर्बीण डोळ्यांस लावावी. पक्ष्यानें मान वर केली कीं आपण जवळ आलों आहों असें समजून दोन पावलें मागें सरावें. पांच-सात मिनिटांनीं तो पुन्हां उकरूं लागतो. मग जें दिसतें तें कोणत्याहि छायाचित्रांत येत नाहीं. बर्फाचे फवारे मागें उडतात, चोंच मातीनें माखते, मध्येंच तो एक पाय पोटाशीं घेऊन डोळे मिटतो, आणि त्यानें उकरलेल्या खड्ड्यांत उरलेंसुरलें टिपण्यास एखादें लहान पांखरूं येतें. स्थिर उभें राहण्यास मात्र अंगांत ऊब हवी, आणि येथें प्रवाशाच्या स्वतःच्या पिसांचा प्रश्न येतो.

राजगड-तोरण्यावर वाढलेला मराठी तरुण चढाला भीत नाहीं. त्याची चूक निराळी होते. तो सुती गंजिफ्राकावर जाड कोट घालून झपाझप चढतो आणि घामानें निथळतो. थांबला कीं तो घाम गार होतो. ओल्या सुतांत हवा राहत नाहीं, पाणी राहतें, आणि पाणी हवेपेक्षां कित्येक पटींनीं लवकर अंगांतील ऊब ओढून नेतें. पांखरूं जें तेल लावून टाळतें, तेंच हा मनुष्य आपल्या हातानें ओढवून घेतो. अंगालगत लोंकरीचा पातळ सदरा, त्यावर सैल थर, वर वारा अडविणारें वस्त्र; चढतांना एक थर काढावा, थांबतांच घालावा. ताजें बर्फ आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग परत फेंकतें, म्हणून काळा चष्मा न लावल्यास संध्याकाळीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. देवळाच्या वर चंद्रशिलेकडे जाणारी धार ताज्या बर्फांत धोक्याची असते, कारण वाऱ्यानें रचलेले बर्फाचे सज्जे खालीं पोकळ असतात. स्थानिक वाटाड्या नको म्हणाला तर देवळापाशींच थांबावें. त्यानें कित्येक हिवाळे पाहिलेले असतात, आणि प्रवाशानें बहुधा एकहि नाहीं.

देवळापाशीं झाडें संपलेलीं असतात, आणि पांखरेंहि बदलतात. पिंवळ्या चोंचीचे, काळे कुळकुळीत पहाडी कावळे थव्यानें वाऱ्यावर कसरती करतात. थंडीचें त्यांना कांहींच वाटत नाहीं असें दिसतें. एव्हरेस्टवर ८२०० मीटरपर्यंत गिर्यारोहकांच्या मागें गेलेला हाच पक्षी होय. प्रवाशाचा उरलासुरला घांस त्यांस चालतो, म्हणूनच तो देऊं नये. भाजलेल्या पिठाची चव लागलेला थवा मग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत बसतो. कड्यांवरून हिमकपोतांचा, म्हणजे राखी-पांढऱ्या पारव्यांचा, थवा एकदम वळतो आणि बर्फाच्या पार्श्वभूमीवर क्षणांत नाहींसा होऊन क्षणांत दिसूं लागतो. नशीब असेल तर दाढीवालें गिधाड खालच्या दरींतून वर येतें, तें डोळ्यांच्या पातळीवर. पंखांचा पसारा अडीच मीटरांहून अधिक, आणि पंख मारण्याची गरज जवळजवळ नाहीं. इतरांनीं टाकलेलीं हाडें हेंच याचें मुख्य अन्न. मोठें हाड उंचावरून खडकावर टाकून तें फोडतें आणि तुकडे गिळतें. हिवाळ्यांत जनावरें मरतात, म्हणून ज्या दिवसांत गोल्डक्रेस्टची ओढाताण चाललेली असते, त्या दिवसांत याचा संसार बरा चालतो. एकाच उतारावर एकाची टंचाई ती दुसऱ्याची सुगी असते.

दुपार कलण्यापूर्वीं उतरावें, कारण उन्हानें मऊ झालेलें बर्फ सांवली येतांच कांचेसारखें घट्ट होतें. खालच्या ओढ्यांपाशीं, जेथें पाणी अजून वाहतें, तेथें उतरणीवर थोडा वेळ काढण्यासारखा असतो. चॉकलेटी रंगाचा, आंखूड शेपटीचा एक पक्षी बर्फ जमलेल्या दगडावर उभा राहून सारखा खालींवर होतो आणि एकाएकीं पाण्यांत शिरतो. डिपर त्याचें नांव. तो प्रवाहाच्या तळाशीं दगड धरून चालतो, पंखांनीं पोहतो, किडे टिपतो आणि कोरडा ठणठणीत बाहेर येतो. जमीन गोठली तरी वाहतें पाणी शून्याखालीं जात नाहीं, हें त्याच्या व्यवसायाचें सारें भांडवल.

डिपर राहिला, मोनाल थोडा खालीं सरकून राहिला. परंतु उन्हाळ्यांत या उतारांवर असणारीं पुष्कळ पांखरें यावेळीं येथें नसतातच. त्यांतलीं कांहीं या घटकेला महाराष्ट्रांत असतात. हिमालयाच्या व तिबेटच्या उंच माळांवर घरटें करणारा थिरथिरा आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कौलांवर आणि कुंपणावर शेपटी थरथरवीत दिसतो. निळ्या डोक्याचा कस्तूर सह्याद्रीच्या रायांत पाला उलटीत असतो. करडा परीट आपल्या ओढ्यांवर आलेला असतो. बर्फ न पाहिलेल्या माणसाच्या परसांतहि हिवाळ्यांत बर्फाकडून आलेलें पांखरूं असतें, तें असें.

प्रवासी चोपत्यास परततो तेव्हां चार वाजून गेलेले असतात. चहाच्या टपरींतून धूर निघत असतो. मागच्या फरच्या झाडांत तो सकाळचा मेळा पुन्हां आलेला दिसतो, परंतु आतां त्यांत गडबड अधिक असते. कोणी कोणाकडे पाहत नाहीं, नुसत्या चोंची चालतात. ऊन शिखरावर चढतें आणि नाहींसें होतें. शिलींध्री एका भोंकांत शिरते. गोल्डक्रेस्ट सर्वांत उशिरांपर्यंत खात राहतो. मग तोहि बर्फानें वांकलेल्या एका फांदीच्या खालच्या अंगास, दाट पानांत, आपल्या जोडीदाराला खेटून बसतो, आणि दोघांचीं पिसें फुलून एकच लहानसा गोळा होतो. जानेवारीचा महिना असेल तर सकाळचें ऊन त्या फांदीवर पडण्यास अद्याप तेरा-चौदा तास अवकाश असतो.